भाकर देणाऱ्याचं नाव

हुडकेश्वरात कोणाच्याही घरी जा, बोलणं फिरून फिरून प्लॉटवर येतं. कधी घेतला, तेव्हा भाव काय होता, डिमांड भरली का, आर.एल. निघालं का. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आर.एल. म्हणजे अनधिकृत ले-आउटमधला प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. आमच्या घरी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डबा कपाटाच्या लॉकरमध्ये आहे. बाबा भिवापूरकडच्या खेड्यातून शहरात आले, पंधरा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलत राहिले आणि मग हा प्लॉट घेतला. त्यांच्या सगळ्या धडपडीचा सारांश एवढाच की आता इथून कोणी उठवणार नाही.

आणि त्याच घराच्या गच्चीवर बसून मी रोज रात्री काय पाहतो? स्पितीत व्हॅनमध्ये राहणाऱ्या जोडप्याचे रील्स. बुलेटला सॅडल बॅगा बांधून निघालेला, नोकरीवर लाथ मारलेला मुलगा. तंबूच्या फटीतून दिसणारं तळं. बाबांनी आयुष्य घालून मिळवलेल्या घरात बसून मला घर सोडावंसं वाटतं. या इच्छेची मी थट्टा करणार नाही. सकाळी साडेआठला म्हाळगीनगर चौकात सिग्नलला उभं असताना उजवीकडे उमरेड रोड धरावा आणि परत येऊच नये असं ज्याला एकदाही वाटलं नाही, त्यानं हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

पण गेल्या वर्षी मी या इच्छेला जरा तपासायचं ठरवलं. भटकण्याबद्दलची मराठीतली काही पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचली. पुस्तकांच्या दुकानात आणि वाचनालयात ती शेजारी ठेवलेली नसतात. काही 'प्रवास' किंवा 'अध्यात्म' मध्ये असतात, काही 'आत्मचरित्र' मध्ये, काही 'दलित साहित्य' मध्ये. शेजारी ठेवून वाचली की मात्र ती एकमेकांशी भांडायला लागतात. त्या भांडणात मला एक साधा प्रश्न सापडला: भटकणारा दारात येतो तेव्हा त्याला भाकर कोण देतं, आणि देणाऱ्याला पुस्तकात नाव मिळतं का?

कुणी एक

सुरुवात गो. नी. दांडेकरांपासून केली, कारण मराठीत 'निघून जाण्या'ची ओढ ज्यांनी सर्वात देखणी करून ठेवली ते गोनीदाच. जन्म १९१६ चा, आपल्याच विदर्भात, परतवाड्याला. तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडलं, स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, नर्मदेची परिक्रमा, आणि जन्मभराची दुर्गभ्रमंती. 'स्मरणगाथा' या आत्मकथेला १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हा माणूस घराबाहेर पडण्याबद्दल लिहितो तेव्हा ते ऐकीव नसतं.

'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही त्यांची नर्मदाकाठची कादंबरी. तिचं पहिलं आकर्षण शीर्षकातच आहे. गाथा कुणाची? कुणा एकाची. नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही. परिक्रमेला निघालेला माणूस आपलं आधीचं सगळं किनाऱ्यावर ठेवून चालायला लागतो. मागे काय होतं हे विचारायचं नाही, पुढे काय असेल हे ठरवायचं नाही, नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. १,३१२ किलोमीटर लांबीची नदी, म्हणजे दोन्ही काठ मिळून त्याच्या दुपटीहून जास्त चाल. परंपरेनं यासाठी तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. ऑफिसातल्या कुणालाही एवढी सुट्टी मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

हे पुस्तक मला आवडतं. त्यात निसर्ग पोस्टरसारखा लावलेला नाही, तो पायाखाली आहे. आणि काठावरच्या माणसांवर लेखकाचं मनापासून प्रेम आहे. तरीही यावेळी वाचताना मी एका ठिकाणी अडलो. या 'कुणा एका'ला नाव टाकून देता येतं, ते का? कारण परिक्रमावासी हे स्वतःच एक मोठं नाव आहे. 'नर्मदे हर' म्हटलं की दार उघडतं. सदावर्तातून शिधा मिळतो, धर्मशाळेत पडवी मिळते. देणाऱ्याला वाटतं की आपणच काही मिळवलं. शेकडो वर्षांच्या श्रद्धेनं त्या वाटेवर एक अदृश्य स्वयंपाकघर चालू ठेवलं आहे, आणि त्याच्या जोरावर कुणीही निनावी चालू शकतो. निदान चेहऱ्यावरून, बोलण्यावरून, जानव्यावरून जो 'आपल्यातला' वाटतो तो तरी नक्कीच.

परिक्रमेच्या मराठी पुस्तकांची आता एक वेगळी रांगच झाली आहे, आणि त्यांपैकी बऱ्याच पुस्तकांत शूलपाणीच्या झाडीचा एक ठरलेला प्रसंग येतो. भिल्ल येतात, परिक्रमावासीचं सगळं काढून घेतात, आणि तो म्हणतो की मैयानं माझी परीक्षा घेतली. लुटला गेलेला माणूस पुस्तकात पानभर बोलतो. लुटणाऱ्याला नाव नसतं, घर नसतं, भूकही नसते. तो परीक्षेचा पेपर असतो. त्याच डोंगरांतली, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं पुढे सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रात आली. ज्यांच्या घरावरून पाणी गेलं त्यांची गाथा मात्र 'भ्रमण' या कप्प्यात ठेवावी असं कुणाला वाटलं नाही.

नाव टाकून देण्याची ही हौस फक्त आपली नाही. 'इनटू द वाइल्ड' तुम्ही पाहिला असेल. क्रिस्टोफर मॅकँडलेस या अमेरिकन मुलानं शिक्षण संपल्यावर घरच्यांशी संबंध तोडला, पैसे जाळले आणि स्वतःला अलेक्झांडर सुपरट्रॅम्प असं नवं नाव घेतलं. १९९२ मध्ये अलास्काच्या रानात एका सोडून दिलेल्या बसमध्ये तो उपासमारीनं गेला. जॉन क्राकौरचं पुस्तक १९९६ चं आणि सिनेमा २००७ चा. नंतर त्या बसपर्यंत पोचायच्या नादात इतके लोक अडकले, काही मेलेही, की २०२० मध्ये ती हेलिकॉप्टरनं उचलून न्यावी लागली. या गोष्टीतला एक तपशील मला सिनेमापेक्षा जास्त बोलका वाटतो. अखेरच्या दिवसांत त्यानं मदतीसाठी जी चिठ्ठी बसवर लावली, तिच्याखाली सुपरट्रॅम्प अशी सही नाही. खरं नाव आणि खरं आडनाव आहे.

उपरा

आता दुसरं शीर्षक. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाला. 'कुणा एकाची' आणि 'उपरा', दोन्ही शीर्षकांत माणसाचं नाव नाही. पण पहिल्यानं नाव स्वतः उतरवून ठेवलं आहे. दुसऱ्याला जे म्हणून हाकललं जातं, तेच त्याच्या पुस्तकाचं नाव झालं आहे.

मानेंचा कैकाडी समाज फोकांच्या पाट्या, टोपल्या, कणग्या विणणारा. गाढवांच्या पाठीवर संसार, गावाबाहेर पालं, काम संपलं की पुढचं गाव. आता व्हॅन लाइफच्या भाषेत हे सगळं पुन्हा मांडून पाहा. कमीत कमी सामान. ठरलेला पत्ता नाही. कुटुंबासोबत चोवीस तास. हातानं वस्तू बनवणं. झोपायला उघडं आभाळ. आपण ज्याच्यासाठी रील सेव्ह करतो ते सगळं 'उपरा'त आहे, आणि पुस्तक वाचताना एकदाही जावंसं वाटत नाही. कारण त्या उघड्या आभाळाखाली पाऊस आहे, हातातलं काम संपल्यावर उपास आहे, आणि गावात काही हरवलं की पहिली नजर पालाकडे वळते.

आणि त्या पुस्तकातली ओढ कुठे आहे? शाळेकडे. बाप मुलाला शाळेत घालतो, आणि त्यासाठी गावाचाही आणि जातपंचायतीचाही राग ओढवून घेतो. शाळा म्हणजे एका जागी थांबणं. हजेरीच्या वहीत रोज नाव असणं. रोज सकाळी कुणीतरी नाव पुकारावं आणि आपण 'हजर' म्हणावं, या गोष्टीसाठी एक अख्खं कुटुंब जिवाचं रान करतं. आपल्याला त्याच हजेरीचा, बायोमेट्रिकचा, सोमवारचा कंटाळा आलेला असतो. दोन्ही भावना खऱ्या आहेत. पण आपल्या कंटाळ्याच्या पोटात कुणाची तरी पूर्ण झालेली इच्छा आहे, माझ्या बाबतीत बाबांची, हे 'उपरा' वाचल्यावर विसरता येत नाही.

इथे नागपूरशी जुळणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. मानेंच्या सातारा जिल्ह्यात कैकाडी विमुक्त जातींच्या यादीत आहेत. नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती अशा विदर्भाच्या जिल्ह्यांत तोच समाज अनुसूचित जातींत आहे. म्हणजे पिढ्यानपिढ्या जिल्हे तुडवत चालणाऱ्यांची कागदावरची ओळख जिल्ह्याच्या सीमेवर बदलते. जातीचा दाखला काढायचा तर अमुक सालच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. चालणं हाच ज्यांचा धंदा होता त्यांनी हा पुरावा कुठून आणायचा?

आणि रमाबाई

इथपर्यंत गोष्ट सोपी झाली असती: वरच्या जातीचा भटका पूजला जातो, खालच्या जातीचा हाकलला जातो. हे खरं आहेच. पण पंडिता रमाबाईंचं आयुष्य या सरळ मांडणीला थोडं वाकवतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकात गंगामुळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यावरून त्रास झाला, आणि पुढे कर्ज व गरिबीमुळे हे कुटुंब पुराण सांगत गावोगाव फिरू लागलं. देवळाच्या आवारात पुराण वाचायचं, ऐकणारे जे वाहतील त्यावर जगायचं. रमाबाईंचं सगळं शिक्षण या चालत्या शाळेत झालं. ही भिक्षा मानाची होती, पुढ्यात ठेवलेली होती. मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. वाहणाऱ्यांकडेच काही उरलं नाही. आई, वडील आणि बहीण पाठोपाठ गेले. रमाबाई आणि भाऊ पुढची कित्येक वर्षं पायी चालत राहिले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले.

त्या काळाबद्दल रमाबाईंनी 'माझी साक्ष' मध्ये जे सांगितलं आहे ते हलवून टाकणारं आहे. भूक लागली होती, पण मजुरी करायची लाज वाटत होती आणि भीक मागायचीही. पुराण सांगून मिळणारं धान्य चालत होतं, हात पसरून मिळणारं चालत नव्हतं. एकाच भाकरीची दोन नावं असतात आणि त्या नावांमधल्या फरकापायी माणसं मरू शकतात, हे इतक्या कोरडेपणानं फार थोड्यांनी लिहिलं असेल. गोनीदांच्या वाटेवरचं अदृश्य स्वयंपाकघर कधी बंद पडतं हे रमाबाईंकडून कळतं. आणि पालावरच्या माणसासाठी ते मुळात उघडंच नव्हतं, हे मानेंकडून.

फिरण्याचा गुन्हा

आपल्याकडे या फरकाला कायद्यानंही पक्कं केलं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्यांनी कुठे राहावं, कधी हजेरी द्यावी, परवान्याशिवाय कुठे जाऊ नये हे पोलीस ठरवत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पण १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची व्याख्या वाचून पाहा. हात पसरणं तर त्यात आहेच. शिवाय उत्पन्नाचं दिसेल असं साधन नसताना, भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा रीतीनं सार्वजनिक ठिकाणी फिरणं किंवा थांबणं हेही त्यात बसतं. 'दिसेल असं' आणि 'वाटेल असं' हे ठरवणार कोण? मळके कपडे, वाढलेली दाढी, पाठीवर बोचकं, खिशात पैसे नाहीत: हे वर्णन बॅकपॅकरचंही आहे. त्याला कुणी उचलून नेत नाही, कारण त्याचं बोचकं ब्रँडेड असतं.

मार्च २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी कलम १४४ लावून शहरातल्या चौकांत भीक मागायला बंदी घातली. त्याच महिन्यात जी-२० च्या निमित्तानं सी-२० ची बैठक शहरात होती. दुभाजकांना रंग लागला, भिंतींवर चित्रं आली, आणि सिग्नलवरचे लोक दिसेनासे झाले. ते कुठे गेले हे आम्ही कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०२२ मध्ये, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले. सोबतचे लोक कच्छचे रबारी होते. उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे नेत असल्याचा आरोप होता आणि प्रकरण कोर्टात गेलं. आता, रबारी विदर्भाला नवे नाहीत. उंटावर उलटी बांधलेली खाट, त्यावर पोरं, कोंबड्या, मागे मेंढ्या, हे दृश्य आपण लहानपणापासून पाहत आलो. वर्षानुवर्षं शेतकरी त्यांना आपल्या वावरात बसवतात, कारण मेंढ्यांच्या लेंड्यांचं खत मिळतं. शेतकऱ्याला त्यांचं फिरणं समजतं. ठाण्याला समजत नाही, आणि आम्हा गच्चीवरच्या भटक्यांना तर त्यांचं फिरणं हे फिरणंच वाटत नाही. आम्ही त्यांचा फोटो काढतो आणि 'नोमॅड' हा शब्द स्वतःच्या बायोमध्ये लिहितो.

मग जायचंच नाही का?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की तुम्ही फिरण्याचा आनंदच मारून टाकला. घरी बसावं का मग? नाही. मी जाणार आहे. पण एका जुन्या फिरण्याचा हिशेब आधी मांडायचा आहे.

चार वर्षांपूर्वी मी आणि माझा एक मित्र बाइकनं नवेगावबांधला निघालो होतो. साकोलीच्या पुढे आतल्या रस्त्यावर चेन तुटली. अंधार पडला. बाइक ढकलत एका गावात पोचलो, तर एका म्हाताऱ्या बाईंनी ओसरीवर बसवलं. "कोण गावचे जी?" नागपूरचे म्हटलं. "पोट्टे उपाशी दिसून राह्यले," म्हणत त्या आत गेल्या. धानाचा पट्टा, त्यामुळे भाकर नव्हती. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वर कच्चं तेल. आयुष्यात त्याहून चांगलं जेवलो नसेन. जेवताना त्यांनी सहज आडनाव विचारलं. मी माझं सांगितलं. मित्राकडे पाहिलं, तर त्यानंही माझंच आडनाव सांगितलं. "भाऊ आहो आम्ही."

मला तेव्हा गंमत वाटली. परतल्यावर चेष्टाही केली. तो हसला, काही बोलला नाही. त्याचे आजोबा गावोगाव फिरणारे होते, हे मला माहीत होतं. त्याच्या वडिलांनी हुडकेश्वरात आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून प्लॉट घेतला, आणि आर.एल. आलं त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीला जेवण दिलं, हेही माहीत होतं. मी त्याला 'चल, सगळं सोडून निघू' म्हणायचो तेव्हा तो नेहमी एकच विचारायचा, "परत कधी यायचं?" मला तो भित्रा वाटायचा. 'उपरा' वाचताना ती ओसरी आठवली आणि लक्षात आलं की त्या रात्री माझं नाव मला भात मिळवून देत होतं, आणि त्याला स्वतःचं नाव लपवून तोच भात खावा लागला. बाईंनी खरं आडनाव ऐकून ताट उचललं असतं का? कदाचित नसतंही. पण ते पाहायचा धोका त्याला परवडणारा नव्हता, आणि मला तर तो धोका आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्या रात्रीची माझी स्टोरी अजून आर्काइव्हमध्ये आहे. चुलीचा फोटो, वाफाळता भात, आणि खाली 'अनोळखी माणसांचं प्रेम' अशा अर्थाचं काहीतरी. बाईंचं नाव त्यात नाही. कारण मी ते विचारलंच नाही. त्यांनी आमचं विचारलं, मी त्यांचं नाही.

म्हणून शेवटी मारुती चितमपल्लींकडे आलो. छत्तीस वर्षं वनखात्यात, कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. निवृत्तीनंतर बराच काळ नागपुरात. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचं भटकणं पगारी होतं, अंगावर खात्याचा अधिकार होता, राहायला विश्रामगृह होतं. जंगलात गुरं आणणाऱ्याला जे खातं अडवतं त्याच खात्याचे ते अधिकारी होते, आणि ही अडचण त्यांच्या लेखनात पुरेशी येत नाही, असं मला वाटतं. पण एक गोष्ट त्यांनी केली जी आपल्या प्रवासवर्णनांत क्वचित दिसते. ते शिकवणाऱ्याचं नाव सांगतात. नवेगावच्या तळ्याबद्दल, पक्ष्यांबद्दल, माशांबद्दल जे कळलं ते माधवराव पाटील डोंगरवारांकडून कळलं, हे ते पुन्हा पुन्हा लिहितात. रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द ते जमा करतात आणि ते शब्द कुणाकडून मिळाले तेही सांगतात. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द त्यांच्यामुळे मराठी वाचकाला मिळाले. 'चकवाचांदण' वाचून जंगलात जावंसं वाटतं, आणि गेल्यावर तिथल्या माणसाशी बोलावंसंही वाटतं. यातली दुसरी गोष्ट दुर्मीळ आहे.

प्रवासाचं पुस्तक किंवा रील, काहीही हातात आलं की मी आता एक गोष्ट शोधतो. कुणी जेवायला दिलं तो प्रसंग. देणाऱ्याला तिथे नाव आहे का? तो काही बोलतो का, की नुसता हसून वाढतो? दार का उघडलं याचा लेखकाला एकदा तरी प्रश्न पडला का? या कसोटीवर बरीच गाजलेली पुस्तकं पडतात. माझी स्टोरीही पडते.

यंदा हिवाळ्यात उमरेड रोडच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटांवर पुन्हा मेंढ्या उतरल्या. एक बाई आणि तिची मुलगी आमच्याकडे पाणी मागायला आल्या. आईनं दोन कॅन भरून दिले आणि रीतसर चौकशी केली, कुठले, किती दिवस, पोरीची शाळा कुठे. मी फोन घेऊन जिन्यात उभा होतो. पोरगी म्हणाली, शाळा नाही, आणि माझ्या मागच्या बाइककडे बघत राहिली. तिच्यावर बांधलेल्या बॅगा बघून तिनं विचारलं, "तुम्ही पण चालले का?"

फोन खिशात ठेवला आणि तिला नाव विचारलं. ते इथे लिहीत नाही, कारण लिहू का असं मी तिला विचारलेलं नाही. पण मला ते माहीत आहे.

दिवाळीनंतर पुन्हा नवेगावला जायचं ठरलं आहे. यावेळी मित्रानंच विचारलं. म्हणाला, त्या गावावरून जाऊ, आजी असतील तर भेटू. "आडनाव मी माझं सांगीन," तो म्हणाला, "बघू काय होते तर."